भुंडा गोठा

काचेचा डोळा पाण्याच्या वाटीत ठेवला की सरळ बसत नाही. एका कुशीला कलतो आणि दाराकडे बघत राहतो.

*

त्या घरात टेबलाचे चारही कोपरे कानशीने घासून गोल केलेले होते. खुंट्यांना चिंध्या गुंडाळलेल्या. कात्रीची टोकं दगडावर झिजवून बोथट केलेली, त्यामुळे शिवायला बसलं की दोरा दातानेच तोडावा लागे.

*

"काय झालं?"

"पाट."

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

"पुन्हा बघ."

*

एक शेळी भर दुपारी आपल्याच पुढच्या पायांवर मुतली, मान खाली घालून तिथेच तोंड घासलं आणि वरचा ओठ दुमडून आभाळाकडे बघत उभी राहिली. शेळ्या असं करत नाहीत. बोकड करतात.

*

पीळ घातलेली तार, हातभर लांब, दोन्ही टोकांना लाकडी मुठी. खिळ्याला टांगलेली दिसली तर कुणालाही वाटावं, साबणाच्या वड्या पाडायची असेल.

*

दुधाचा कॅन जसाच्या तसा परत आला. आणणाऱ्याने नाक मुरडून एवढंच सांगितलं, "दुधाला बोकड लागलाय."

*

हे सगळं एकाच दाराआडचं. दार आप्पांचं. माणसं आणि शेळ्या त्याच एका दाराने ये-जा करत. आत शिरलं की डाव्या हाताला चूल, उजव्या हाताला गव्हाणी. मधली भिंत छातीएवढी. त्यामुळे जेवताना शेळ्या माणसांकडे बघत आणि रवंथ करताना माणसं शेळ्यांकडे बघत, असं आत्या म्हणायची. आत्या म्हणजे आप्पांची धाकटी बहीण. गल्लीच्या पलीकडे पंक्चरवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत ती एकटी राहायची, पण तोंड मात्र दिवसभर याच घरात असायचं.

आणि थोरली. आप्पांची मुलगी. थोरली म्हणावं तर धाकटं कुणी नव्हतं. होईल या आशेवर पहिल्या दिवसापासून हाक पडली ती पडलीच. आई गेली, धाकटं काही आलं नाही. एकटीच थोरली होऊन बसली.

डावा डोळा तिचा. उजवा काचेचा.

ती अक्षरं गिरवायच्या वयाची असताना गोठ्यातल्या एका शेळीने मान उडवली. एवढंच झालं. शेळीला शिंगं होती आणि पोरगी वाकलेली होती. आप्पांनी तिला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत पळत नेलं. बाहेर पायरीवर बसून, शर्ट अजून ओला असताना, ते आत्याला म्हणाले, "माझ्या दारात पुन्हा शिंग आलं, तर त्या दारात मी नसेन."

आप्पांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "आणि तो दगड कुणाच्या कपाळात बसेल त्याची फिकीर नाही," हे आत्याचं.

त्याच संध्याकाळी ती शेळी खाटकाकडे गेली. आठवडाभरात शिंगांच्या बाकीच्या गेल्या. राहिल्या त्या भुंड्या, जन्मतःच बिनशिंगी, कपाळ नारळासारखं गुळगुळीत. मग आप्पांनी कानस काढली आणि टेबलाच्या कोपऱ्यांना लागले.

*

भुंड्या शेळ्यांचा गोठा नावारूपाला आला. पोरंबाळं निर्धास्त आत शिरत. शेळ्या एकमेकींना ढुशा देत त्या नुसत्या उशा आपटल्यासारख्या. दूध दाट, कास भरदार. कुणी विचारलं तर आप्पा म्हणत, "शिंगात जाणारा चारा इथे सडात उतरतो." खोटं होतं, पण ऐकायला बरं वाटे.

तेव्हा आप्पांकडे स्वतःचा बोकड नव्हता. शेळी माजावर आली की तिला गल्लीच्या टोकाला मोकळ्या जागेत न्यायची. तिथे कोळसेवाल्याचा एक भलामोठा बोकड बांधलेला असे, शिंगं मागे वळून खांद्याला टेकलेली. काम व्हायचं ते तिथे, दाराबाहेर. कपाळात शिंगाची कळी घेऊन पिल्लू जन्मलं, तर शिंग फुटायच्या आतच ते खाटकाकडे जाई. शब्द दाराचा होता. शब्दाला धक्का नाही.

पुढे कोळसेवाला जागा विकून निघून गेला. बोकडही गेला. आजूबाजूला इमारती उठल्या, शेळ्या पाळणारं उरलं नाही कुणी. मग आप्पांनी लांबच्या बाजारातून आपला पहिला बोकड आणला. उमदा, तांबूस, आणि अर्थातच भुंडा. दारातून आत घेताना आप्पांची मान अशी ताठ, जसा जावईच आणला.

"शोभतोय," आत्या म्हणाली. "डोकं तेवढं तुझ्यासारखंच निघालं, दादा. वर काही नाही."

तिथून सगळं बिघडत गेलं. पण बिघडताना ते कुणाला कळलं नाही.

*

विणाऱ्या शेळीपाशी बसायचं ते थोरलीने. तिचे हात लहान, बोटं शांत. पिल्लू आडवं आलं तर आत हात घालून पाय सरळ करणं तिला जमे. पिल्लू बाहेर आलं की नाकातोंडातला चिकटा काढायचा, शेपटी उचलायची आणि सांगायचं. बोकड म्हटलं की आप्पा "बरं" म्हणत. पाट म्हटलं की आप्पा हसत. पाट म्हणजे मादी पिल्लू, आणि मादी पिल्लू म्हणजे पुढचं दूध. गोठा चालतो तो पाटींवर.

थोरली पाट म्हणायची आणि ती पाट पुढे पाट राहायची नाही.

सगळ्या नव्हे. काही नीट वाढत, माजावर येत, गाभण राहत. पण बाकीच्या उंच होत जात, मान जाड, कपाळ रुंद. माजावर येतच नसत. कास धरत नसत. आणि एक दिवस त्यांच्या अंगाला तो वास सुटे, जुन्या ओल्या पोत्यासारखा, आणि त्या दुसऱ्या शेळ्यांच्या पाठीवर चढू लागत. आप्पा त्यांना वांझ म्हणत आणि खाटकाकडे पाठवत. खाटीक टेंपोत चढवताना वास घेई आणि म्हणे, "आप्पा, शेळी सांगून बोकड खपवताय काय?"

पहिल्यांदा दोष चाऱ्याला गेला. मग पाण्याला. मग कुणाच्या तरी नजरेला. नजरेवरून गाडी थोरलीकडे आली.

त्या दिवशी कॅन परत आलेला होता. आप्पा वैतागलेले. थोरली नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला पुसत होती.

"काय?"

"पाट."

"तू पाटच म्हणणार," आप्पा म्हणाले. "दोन डोळ्यांनी बघितलं असतं, तर कळलं असतं काय आहे ते."

गोठ्यात एकही शेळी रवंथ करायची थांबली नाही. थोरलीने पिल्लाचे कान पुसले. कान पुसायचे नसतात, आईच चाटते.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी तिच्यासाठी नव्या चपला आणल्या. माफी मागायची त्यांची हीच रीत. थोरलीकडे चपला बऱ्याच साठल्या होत्या.

*

ते पिल्लू थोरलीने बाटलीवर वाढवलं. मुद्दाम. हिची आई गोठ्यातली सगळ्यात दुधाळ. ही एकदा व्याली की कुणाचे डोळे किती ते ठरेल, असा हिशेब. पांढऱ्या अंगावर काळा पट्टा, चालणं ठसक्यात. आत्याने तिला बाईसाहेब म्हणायला सुरुवात केली.

बाईसाहेब वाढल्या. वाढतच राहिल्या. हनुवटीखाली दाढी आली. शेळ्यांना येतेही, म्हणून थोरलीने मनावर घेतलं नाही. माज येईना. थोरली रोज शेपटीखाली बघायची, रोज काही नसायचं. मग ती दुपार आली, बाईसाहेब आपल्याच पायांवर मुतल्या आणि ओठ दुमडून आभाळाकडे बघत उभ्या राहिल्या.

थोरलीने आप्पांना न विचारता जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

बाई आल्या त्या गमबूट घालूनच. बाईसाहेबांना भिंतीशी दाबून धरायला थोरली, आत्या बघायला, आप्पा चुलीपाशी पाठ करून. बाईंनी शेपटी उचलली, जांघेत चाचपलं, बराच वेळ.

"जन्मली तेव्हा काय दिसली होती?"

"पाट," थोरली म्हणाली. आवाज तिचा तिलाच बारीक वाटला.

"बरोबर दिसली होती. अशी पिल्लं पाटीसारखीच दिसतात. हे इथे बघा, खाली. वाटाण्याएवढी गाठ. हिच्या लहानपणी ही मोहरीएवढीही नसेल. चार डोळ्यांनी बघितलं असतं तरी कळलं नसतं."

चुलीपाशी काहीतरी भांडं वाजलं.

"मग ही आहे काय?" आत्याने विचारलं.

"धड शेळी नाही, धड बोकड नाही. बीज मादीचं होतं, पण आत वाढलंय ते नराचं, आणि तेही अर्धवट. पिल्लू हिला होणार नाही, हिच्यापासूनही होणार नाही. दूध विसरा."

"म्हणजे बाईसाहेब निम्म्या साहेब निघाल्या," आत्या म्हणाली. कुणी हसलं नाही, तेव्हा तिने स्वतःच थोडं हसून घेतलं.

बाईंनी हात धुतले आणि गोठ्यावरून नजर फिरवली. गुळगुळीत कपाळं, एका ओळीत. शेवटी तांबूस बोकड.

"एकालाही शिंग नाही?"

"एकालाही नाही," आप्पा पहिल्यांदा बोलले. आवाजात अजून थोडा अभिमान होता.

"तिथेच आहे," बाई म्हणाल्या. "शिंग नसणं आणि हे असं होणं, एकाच दोरीची दोन टोकं आहेत, आप्पा. भुंडेपण एका बाजूनं आलं तर पिल्लू धडधाकट. आईकडूनही आलं आणि बापाकडूनही आलं की पाटीची पाट राहत नाही. तुम्ही भुंडीला भुंडाच दाखवत आलात. शिंगाचा बोकड आणा. दुसरा उपाय नाही."

"माझ्या दारात शिंग येत नाही."

"मग पाटी येणार नाहीत. मोजक्या येतील. या म्हाताऱ्या होतील आणि यांच्या जागी यायला कुणी नसेल."

बाई निघताना थोरलीला हळूच म्हणाल्या, "हिला विकू नका. कुठली शेळी माजावर आलीय, ते हिला तुमच्याआधी कळेल. हिचा तेवढा उपयोग आहे."

*

बापलेकीचं भांडण असं झालं नाही. भांडायला दोघांनी बोलावं लागतं.

"आप्पा, मी सांगत होते ते खरं होतं."

आप्पा गव्हाण झाडत होते.

"इतकी वर्षं मी पाट म्हणाले आणि तुम्ही माझ्या डोळ्याकडे बघितलंत. ऐकताय ना?"

झाडू.

"एक हंगाम फक्त. बाई कुणाकडून तरी मागून आणतील. काम झालं की परत."

"तुझ्यासाठी शब्द दिलाय मी," आप्पा झाडूकडे बघत म्हणाले. "माझ्यासाठी नाही."

"माझा डोळा मी कधीच सोडून दिला, आप्पा. मला आठवतसुद्धा नाही. तुम्हीच त्याला इथे गोठ्यात दावं लावून बांधून ठेवलंय. रोज चारा घालताय."

आप्पांनी झाडू भिंतीला टेकवला. ते झाडूचा दांडा न्याहाळत राहिले. दांड्याचं टोकही त्यांनीच गोल केलेलं होतं.

"ही गेली की गोठा गेला," थोरली सर्वांत दुधाळ म्हातारीकडे, बाईसाहेबांच्या आईकडे हात करून म्हणाली. "मग मी काय राखू? चपला?"

*

बोकड आला. थोरलीने आणवला. बाईंनी आपल्या ओळखीवर, एका हंगामाच्या बोलीवर कुणाकडून तरी मागून आणला. काळाभोर, शांत, शिंगं सरळ वर जाऊन मागे वाकलेली. दारातून शिरताना एक शिंग चौकटीला लागलं आणि लाकडावर ओरखडा उमटला.

आप्पा बसून होते. ते उठले नाहीत, बोलले नाहीत, दाराबाहेरही गेले नाहीत. थोरलीला वाटलं, जमलं. आत्याला वाटलं नाही. ती जाताना म्हणाली, "दादा गप्प बसलाय. दादा ओरडला असता तर मी निवांत झोपले असते."

दुसऱ्याच सकाळी बाईसाहेब आपल्या आईमागे लागल्या. म्हातारीला हुंगायच्या, घशातून बोकडासारखं गुरगुरायच्या, पाय आपटायच्या. थोरलीने म्हातारीला काळ्या बोकडापाशी नेलं. क्षणात झालं. बोकड बाजूला होऊन गवत खायला लागला. थोरलीने कितीतरी दिवसांनी भरपूर जेवून घेतलं आणि दुधाचे कॅन घेऊन वाटपाला निघाली.

परत आली तेव्हा दार आतून लावलेलं.

"आप्पा?"

आतून करकर आवाज येत होता, ओलं लाकूड कापल्यासारखा. मग बोकड ओरडला. तसा आवाज थोरलीने कधी कुठल्या जनावराचा ऐकला नव्हता, माणसाचाही नाही.

दार उघडलं तेव्हा आप्पांच्या हातात ती तार होती, दोन मुठींची. भिंतीवर, गव्हाणीवर, छताच्या पत्र्यावरसुद्धा रक्त उडालेलं. बोकड खांबाला आवळून बांधलेला, कपाळावर दोन भोकं, आणि प्रत्येक श्वासाबरोबर त्या भोकांतून लाल फेस येत होता. दोन शिंगं जमिनीवर. पोकळ.

"आता राहू दे त्याला," आप्पा म्हणाले. दम लागला होता. चेहऱ्यावर, खोटं कशाला, सुटका होती. "आता राहू दे हवा तेवढा. आता शिंग नाही. मी पण आहे, तोही आहे. तुझं पण झालं."

थोरलीने राख दाबली, फडकी बांधली, बाईंना निरोप धाडला. बाई आल्या, बघितलं, बॅग उघडली.

"शिंग म्हणजे नख नव्हे, आप्पा," त्या एवढंच म्हणाल्या. "आत जिवंत असतं. डोक्यापर्यंत."

बोकडाने खाणं सोडलं. माश्या आल्या. थोरली दिवसभर फडक्याने वारा घालत बसायची. बाईसाहेब तिच्या शेजारी उभ्या, बोकडाच्या मानेवर हनुवटी टेकवून. बाकीच्या शेळ्या एकेक करून माजावर आल्या आणि गेल्या. बोकडाला उठता आलं नाही. मग एका सकाळी मानेवरची हनुवटी बाईसाहेबांनी काढून घेतली आणि थोरलीला न बघताच कळलं.

बाईंनी बोकडवाल्यापुढे काय सांगितलं, ते त्यांनाच ठाऊक. पुन्हा बोकड मागायला थोरली गेली नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

उंबऱ्याशी नव्या चपला येऊन पडल्या होत्या. थोरलीने त्या पायाने बाजूला सारल्या. रक्त वाळलं की खरवडून निघतं. पत्र्यावरचं मात्र राहिलं.

*

म्हातारी तेवढी गाभण राहिली. सगळ्या गोठ्याचं पुढचं पाऊल त्या एका झोळलेल्या पोटात. थोरली तिला आपल्या ताटातलं घालायची. आत्या पोटाला कान लावून म्हणायची, "दोन आहेत. दोन्ही पाटी. मला बोलल्या."

म्हातारी एका सकाळी व्याली. उन्हं गव्हाणीवर आलेली. थोरली गुडघ्यांवर, आत्या दारात, आप्पा मधल्या भिंतीपलीकडे.

"काय?" आप्पांनी विचारलं.

थोरलीने शेपटी उचलली. "बोकड."

थोड्या वेळाने दुसरं.

"बोकड."

म्हातारी दुसऱ्याला चाटू लागली. मग भिंतीपलीकडून, अगदी हळू, "नीट..." एवढाच शब्द आला. पुढचा आला नाही.

"तुम्ही या," थोरली म्हणाली. "तुम्ही बघा. दोन्ही डोळ्यांनी."

आप्पा आले. वाकले. बघितलं. बोकडच होते. मग त्यांनी अंगठा पिल्लांच्या कपाळावर ठेवला, एकाच्या, मग दुसऱ्याच्या, आणि दाबून फिरवला. एकाचं कपाळ गुळगुळीत होतं. दुसऱ्याच्या कातडीखाली, केसांच्या दोन भोवऱ्यांत, दोन कडक कळ्या होत्या. आप्पांचा अंगठा तिथेच थांबला.

"हा मी ठेवणार," थोरली म्हणाली. "याच्या कळ्या जाळायच्या नाहीत, कापायच्या नाहीत. याला वाढवणार. वाढेपर्यंत यातल्या किती म्हाताऱ्या होतील ते होऊ देत. ज्या उरतील त्या उरतील."

"हा दारातून आला नाही," आप्पा स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. "आतच आला."

"हो."

आप्पांनी हात पुसले. टेबलापाशी जाऊन त्याच्या गोल कोपऱ्यावरून एकदा तळवा फिरवला. मग उशी काखेत मारली आणि आत्याला म्हणाले, "तुझ्याकडे जागा आहे ना?"

"जागा आहे," आत्या म्हणाली. पुढे काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच मिटलं.

थोरलीने अडवलं नाही. पिल्लू थरथरत होतं, त्याला चीक पाजायचा होता.

आप्पा गल्ली ओलांडून गेले. त्यांच्या चपला दारातच राहिल्या, आणि थोरलीने त्या नेऊन दिल्या नाहीत. तेव्हापासून ते पंक्चरवाल्याच्या दुकानावरच्या खिडकीत बसतात, समोरच्या दाराकडे बघत. थोरली दूध नेऊन देते. ते पितात. काळं पिल्लू उंबऱ्यावर उड्या मारायला लागलं तेव्हा त्याची शिंगं बोटाच्या पेराएवढी झाली होती. ते चौकटीवरच्या जुन्या ओरखड्याला कपाळ घासायचं, आणि समोरची खिडकी बंद व्हायची.

त्यानंतर तांबूस भुंडा बोकड विकला गेला. एका हिवाळ्यात दोन शेळ्या गेल्या, पुढच्या उन्हाळ्यात म्हातारी. बाईसाहेब आहेत.

*

जिच्या शिंगाने थोरलीचा डोळा गेला, ती शेळी त्याच सकाळी व्याली होती, आणि पोरगी तिची पिल्लं बघायला वाकली होती. पिल्लं दोन होती. दोन्ही पाटी होत्या, आणि आईबरोबर त्याच टेंपोतून गेल्या.